सेतुअण्णाची वंडी आणि अख्खा उडीद

कापणीची मशीन कितीही झाडून रिकामी केली तरी टाकीच्या कोपऱ्यात मूठभर धान्य राहतंच. कोणी मुद्दाम ठेवत नाही. किश्श्यांचं तसंच होतं. आमच्या साक्कोट्टै रोडवरच्या शेडमध्ये संध्याकाळी चार माणसं कॉफीला टेकली की एक जण काहीतरी काढतो, त्यावर दुसऱ्याला दुसरं आठवतं, मग 'तो पंच्याचा सांगा' अशी फर्माईश होते आणि टंबलरमधली कॉफी गार होते.

शेड माझ्या चुलतभावाची, सेतुअण्णाची. आमची घरं मराठ्यांच्या दरबाराबरोबर तंजावरला आली. दरबार गेला, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी मधली काही वर्षं पुण्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होतो, म्हणून लिहायला बसलो की माझी मराठी पुण्याची होते. घरी तोंड उघडलं की ती पुन्हा तीनशे वर्षं मागे जाते. सेतुअण्णाकडे एक कंबाइन हार्वेस्टर आहे. इकडे तिला सगळे 'वंडी' म्हणतात, म्हणजे गाडी. ती चालवतो सेल्वम, आत्तूरकडचा. मी डिझेल, फोन आणि भांडणं सांभाळतो.

वंडी घेतली भातासाठी. पण भात निघालं की ती शेडमध्ये उभी. आमच्याकडे भात उभं असतानाच त्यात उडीद फेकतात. भात कापलं की खालचा उडीद नुसत्या ओलीवर आणि दवावर वाढतो. तो हाताने उपटायला आताशा बायका मिळत नाहीत. म्हणून अण्णाने ठरवलं, वंडी उडदात घालायची! अडचण एवढीच होती की भाताचा दाणा मार सोसतो, उडीद सोसत नाही. मशीनच्या पोटातला ड्रम जरा जोरात फिरला की दाण्याची दोन शकलं. फुटका उडीद पेरला तर उगवत नाही आणि साठवला तर टिकत नाही.

त्यातून अण्णाची एक दुखरी जागा होती: आमची कावेरीआत्या. तिचं शेत इन्नंबूरला. तिथल्या अर्ध्या गावाला बियाण्याचा उडीद आत्याच्या मडक्यांतून जातो. अण्णा कुठेही काम मागायला गेला की शेतकरी पहिला प्रश्न विचारायचा, "तुमच्या आत्याच्या शेतात गेली का वंडी?" गेली नव्हती. आत्या जाऊ देत नव्हती. अण्णा बाहेर हसायचा, पण हे त्याच्या मनाला फार लागायचं.

* * *

पहिल्या सीझनला आम्हाला सेटिंग-बिटिंग काही माहीत नव्हतं. भाताची वंडी तशीच उडदात घातली. टाकी भरली, अण्णा खूश! त्यातला शेरभर उडीद फडक्यात बांधून आम्ही मोठ्या तोऱ्यात इन्नंबूरला गेलो.

आत्या ओसरीवर बसली होती. तिने फडकं सोडलं, उडीद सुपात ओतला आणि चार झटके दिले. अख्खे दाणे मागे राहिले, फुटके पुढे आले. पुढे आलेला ढीग मागच्या ढिगापेक्षा मोठा होता.

"सेतु," आत्या म्हणाली, "तूं शेतांतच डाळ केलास कीं रे! आतां तिथेंच इडली करून घेऊन ये. मजला एवढें काम कशाला?"

सेल्वम आत्याला पाट्टी म्हणतो, म्हणजे आजी. येताना त्याने मला विचारलं, "पाट्टी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "इडली मागवलीय." सेल्वम बिचारा खरंच हॉटेलपाशी गाडी थांबवायला लागला.

* * *

त्याच सीझनमधला हा पंच्याचा किस्सा.

उडदाचं झाड बुटकं. शेंगा जमिनीला टेकलेल्या. त्यामुळे पुढची कापायची पट्टी अगदी मातीला घासून न्यावी लागते, आणि मग मातीवर जे काही असेल ते सगळं आत जातं. ढेकळं, भाताची खुंटं, एकदा कुणाची तरी चप्पल. त्या दिवशी शेताच्या मालकाने खांद्यावरचा पंचा बांधावर टाकला होता. वाऱ्याने तो उडाला आणि समोर पडला. सेल्वमला दिसला नाही. वंडीने पंचा गिळला!

घड्घड् आवाज झाला. सेल्वमने वंडी थांबवली. आम्ही सगळे धावलो. मालक डोक्याला हात लावून उभा. तेवढ्यात मागच्या बाजूने, भुश्शाबरोबर, पंचा बाहेर आला. थोडा मळलेला. पण एक धागा तुटलेला नाही, काठसुद्धा शाबूत!

मालकाने पंचा उचलला, उलटसुलट करून पाहिला, झटकला, खांद्यावर टाकला. मग टाकीत हात घालून मूठभर उडीद काढला. अर्धा फुटलेला. तो एकदा मुठीकडे बघतो, एकदा पंच्याकडे.

"अहो," तो अण्णाला म्हणाला, "हे पंच्याचं जे सेटिंग आहे ना, तेच उडदाला ठेवा की!"

* * *

एवढा फुटका उडीद करायचं काय, हा प्रश्न एका अप्पळम्‌वाल्या बाईंनी सोडवला. अप्पळम् म्हणजे आपला पापड. त्यांच्याकडे उडदाचं पीठच लागतं, मग दाणा अख्खा असो की फुटका. सालं काढायला आणि दळायला फुटका उलट सोपा. त्यांनी सगळा माल उचलला आणि वर सांगितलं, "असा एकसारखा फुटलेला उडीद मी कुठे पाहिला नाही!" अण्णाला त्या सीझनमध्ये मिळालेली ही एकमेव शाबासकी. त्यालाही ती नीट घेता येईना.

पुढच्या सीझनला आम्ही शहाणे झालो. पुली बदलून ड्रमचा वेग उतरवला, ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यातली फट वाढवली, फुटीचं प्रमाण बरंच खाली आलं. बाईंकडे माल गेला. संध्याकाळी त्यांचा फोन.

"काय हो, यंदा लक्ष कुठे आहे तुमचं? अर्धे दाणे अख्खेच आलेत. क्वालिटी घसरली!"

* * *

ड्रम आणि जाळीतली फट कमी-जास्त करायला एक लिव्हर असतो. त्याच्याजवळ पत्र्याची पट्टी, पट्टीवर आकडे. भाताला हा आकडा, उडदाला तो. सेल्वमला पाठ नव्हते, पण पट्टी बघून तो बरोबर लावायचा.

सीझन सुरू करताना अण्णाने वंडीची पूजा केली. चाकाखाली लिंबं, हार, कापूर, सगळं. आणि वंडीवर जिथे जिथे जागा दिसली तिथे चंदनाचा जाड लेप आणि त्यावर कुंकू. पट्टीवरसुद्धा. शेतावर पोचेपर्यंत लेप वाळून दगड झाला. आकडे गायब!

सेल्वमने अंदाजाने लिव्हर ओढला. पहिल्याच फेरीत डाळ.

"आकडा बघायला काय झालं होतं तुला?" अण्णा ओरडला.

"आकड्यावर सामी बसलेत, अण्णे," सेल्वम शांतपणे म्हणाला. "त्यांना मी कसा उठवू? तुम्ही उठवा."

अण्णा हात पुढे करतो, मागे घेतो. पुसायची त्याचीही हिंमत होईना. मला म्हणाला, तूं पूस. मी म्हटलं, मी फक्त डिझेल बघतो. शेवटी गावातून पांढरा पेंट आणला आणि पट्टीच्या शेजारी बॉडीवर नवे आकडे काढले. काम सुरू झालं.

पुढच्या वर्षी पूजेला अण्णाने जुन्या पट्टीला चंदन लावलं आणि नव्या आकड्यांनाही लावलं. मी म्हटलं, अण्णा, हे काय?

"त्यांनीं काय पाप केलें?" अण्णा म्हणाला.

* * *

एकदा कोईम्बतूरहून एक इंजिनिअर आला होता. मशीन विकणाऱ्यांनी पाठवलेला. चांगला मुलगा. त्याच्याकडे रंगीत चार्ट होता. त्याने आम्हाला बसवून समजावलं की सगळं सेटिंग एकीकडे आणि वेळ एकीकडे. सकाळी दव ओसरत असताना शेंग थोडी नरम असते, तेव्हा कापा. ऊन चढलं की शेंगा खुळखुळायला लागतात, मग नुसता धक्का लागला तरी तडकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी डेमो. शेत कलियपेरुमाळचं. आम्ही भल्या सकाळी हजर. दव अगदी चार्टमध्ये लिहिल्यासारखं. इंजिनिअर म्हणाला, "स्टार्ट!"

कलियपेरुमाळ वंडीसमोर उभा राहिला. म्हणाला, "आज सोमवार. आता राहुकालम् आहे. संपला की सुरू करा."

इंजिनिअरने त्याला दव दाखवलं. कलियपेरुमाळने त्याला पंचांग दाखवलं. दोघांचंही बरोबर होतं. सगळे बांधावर बसलो. इंजिनिअर दर थोड्या वेळाने वाकून शेंग दाबून बघायचा आणि निःश्वास टाकायचा. राहू गेला तेव्हा दवही गेलं होतं. शेंगा वाजत होत्या.

"तुमच्या राहूला दुसरी वेळ चालत नाही का?" इंजिनिअर वैतागून म्हणाला.

"मी त्याला विचारतो," कलियपेरुमाळ म्हणाला, "तुम्ही दवाला विचारा."

काही दिवसांनी इंजिनिअरने आम्हाला नवा चार्ट पाठवला. ड्रमचा वेग, जाळीची फट, पंख्याचा वारा, शेंगेतली ओल. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरात: राहुकालम्.

* * *

वंडीतलं ड्रमचा वेग दाखवणारं मीटर दर सीझनला बिघडतं. अण्णाला त्याचं काही वाटत नाही, कारण तो कानाने वेग ओळखतो. तो गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात भजनाला टाळ धरतो, त्यामुळे लयीचं त्याला चांगलं कळतं. बांधावर डोळे मिटून उभा राहतो आणि हाताने इशारा करतो: वाढव, कमी कर, बस्स. सेल्वम तसं करतो. उडीद बरा येतो.

एका सीझनला रोज दिवसभर हेच चाललं होतं. शनिवारी संध्याकाळी अण्णा थेट शेतावरून भजनाला गेला. मीही गेलो. अभंग रंगात आला, मृदंगवाल्याने लय वाढवली, आणखी वाढवली. अण्णाचे डोळे मिटलेले. टाळ चालू. कपाळावर आठी. आणि एकदम, देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात, अण्णा ओरडला:

"सेल्वा, कमी कर! फुटतंय!"

मृदंगवाला दचकला आणि त्याने खरंच लय उतरवली. बाकीचेही उतरले. अभंग सावकाश, एकेक शब्द सुटा होत संपला. अण्णा शरमेने खाली बघत होता. भजन संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले. तो माफी मागणार एवढ्यात ते म्हणाले, "इतकीं वर्षें ऐकतों, आज पहिल्यांदा अर्थ कळला. दर शनिवारीं ओरडत जा."

* * *

छोटासाच आहे, पण सांगतो. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने आमच्या उडदाबद्दल तक्रार केली. सॅम्पल फुटकं आहे म्हणे. सेल्वमला हे झोंबलं, कारण तो लॉट त्याने जीव ओतून काढला होता. आम्ही दोघं तिथे गेलो.

व्यापारी गादीवर बसलेला, समोर ताटलीत आमचं सॅम्पल. गिऱ्हाईक आलं. व्यापाऱ्याने एक दाणा दाताखाली धरून कट्‌कन तोडला, वाळलाय हे दाखवलं आणि दोन्ही तुकडे ताटलीत टाकले. दुसरं गिऱ्हाईक. कट्! तुकडे ताटलीत. आमच्यासमोर हे बराच वेळ चाललं. सकाळपासून हेच चाललं असणार.

सेल्वमने ताटलीकडे पाहिलं, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अय्या," तो अदबीने म्हणाला, "वंडीचं सेटिंग मी केलंय. आता जरा जबड्याची फट वाढवा."

* * *

आणि हा यंदाचा.

एवढं सगळं होऊनही आत्या वंडीला शेतात येऊ देत नव्हती. अण्णा दर सीझनला इन्नंबूरला जायचा, "यंदां तरी?" विचारायचा आणि कॉफी पिऊन परत यायचा. आत्याचंही चुकत नव्हतं. तिने मडक्यांतला उडीद सासूकडून घेतला, सासूने तिच्या सासूकडून. एका वर्षी बी बिघडलं की संपलं, तसं परत कुठून आणणार? शेतातला सगळ्यात चांगला उडीद ती हाताने तोडते, वाळवते, राख चोळते आणि मडक्यात भरून माळ्यावर ठेवते. राख फक्त बियाण्याला. खायच्या उडदाला ती राख लावत नाही.

यंदा सगळ्यांचा उडीद एकदम पिकला. बायका आपापल्या शेतांत. त्यातच ढग यायला लागले. भिजला असता तर शेंगेतच मोड आले असते. आत्याने शेजारणीला घेऊन एका कोपऱ्यातला उडीद कसाबसा तोडला आणि वाळवला. तिच्याने पुढे होईना. मग तिने अण्णाला फोन केला.

"तुझी वंडी घेऊन ये. बियाण्याचें मीं तोडून घेतलें आहे. उरलेलें काप. खाण्याला होईल."

अण्णाने फोन ठेवला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, पण असं. "खाण्याला होईल," तो मला म्हणाला. मला त्याचं वाईट वाटलं.

सकाळी आम्ही गेलो. राहू नव्हता, दव होतं. सेल्वमने ड्रम इतका हळू ठेवला की वंडी झोपेत असल्यासारखी वाटत होती. आत्या सूप घेऊन बांधावर उभी. पहिली फेरी झाली. तिने टाकीतला उडीद मागितला, पाखडला, आणि सूप सेल्वमपुढे धरलं. पुढे थोडे फुटके दिसत होते. सेल्वमने जाळी खाली सोडली. दुसरी फेरी. पुन्हा सूप. त्याने पंख्याचा वारा बदलला. पुन्हा सूप. आता त्याने दाणे वर नेणारी साखळी थोडी सैल केली. अण्णा दूर उभा राहून नखं खात होता. त्याने डोळे मिटले नाहीत, हातही केला नाही.

पुढच्या वेळी आत्याने पाखडलं, बराच वेळ बघितलं. मग उडीद पोत्यात ओतला, रिकामं सूप बगलेत मारलं आणि घराकडे चालू लागली.

"रागावली का?" अण्णाने मला विचारलं. मला काय माहीत! सेल्वमने तसंच काम चालू ठेवलं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आटपला. पोती आत्याच्या मागच्या अंगणात टाकली.

शेजारणीने जेवायला बसवलं. केळीची पानं, भात, सांबार, आणि वडे. गरम, वरून कडक, आत मऊ. सेल्वम नुसता खात होता. अण्णा मान खाली घालून चिवडत होता.

"आत्या," तो शेवटी मोठ्याने म्हणाला, कारण आत्या मागच्या अंगणात होती, "वडे चांगले जालेत. उडीद दुकानचा कीं?"

"दुकानचा कशाला?" आतून आवाज आला. "कोपऱ्यांतला. मीं तोडलेला. काल भिजत घातलें."

अण्णाचा घास हातातच राहिला. "सगळा?"

"सगळा."

"अगे आत्या, तें तर बियाण्याचें होतें! आतां मडक्यांत काय घालणार?"

आत्या दारात आली. तिच्यामागे अंगणात आमची पोती उघडी दिसत होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने माखले होते.

"माझे हात बरे नाहींत रे," ती म्हणाली. "तूंच ऊठ. सेल्वाच्या पानांत आणखी वडा वाढ."